अपॅलेशियन ट्रेलला निघालेल्या मुलीस

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मार्चअखेर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनवरून निघून चौदा राज्यांतली सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट तुडवत मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर पोहोचायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. सामानाची यादीही चोख आहे. खटकले ते शेवटचे वाक्य: "कोणाकडून काहीही न घेता, पूर्णपणे स्वतःच्या बळावर." त्या वाक्यापायी हे पत्र लांबणार आहे.

ही वाट एका हंगामात एकटीने पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणजे एमा गेटवूड. १९५५ मध्ये त्या निघाल्या तेव्हा त्यांचे वय ६७ होते, अकरा मुले वाढवून झाली होती, आणि घरी सांगितले होते ते इतकेच की जरा फिरून येते. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. पायांत कापडी बूट आणि खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी. एवढ्या तुटपुंज्या सामानावर त्या निभावल्या, कारण संध्याकाळ झाली की त्या वाटेवरच्या घरांची दारे ठोठावत. काहींनी जेवू घालून अंथरूण दिले, काहींनी दार लावून घेतले, आणि तशा रात्री त्या उघड्यावर झोपल्या. त्यांच्या स्वावलंबनाविषयी कोणी शंका घेईल असे मला वाटत नाही.

माझी गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. याच वाटेच्या एका तुकड्यावर मी तीन दिवस पावसात चाललो होतो आणि बोटे इतकी बधिर झाली होती की सॅकचा पट्टाही सुटेना. रस्ता ओलांडताना एका वयस्क बाईंनी गाडी थांबवली, मला घरी नेले, कपडे वाळवून दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिथून उचलले होते नेमके तिथेच आणून सोडले, म्हणजे माझे एक पाऊलही चुकू नये. मी आजवर सांगत आलो ते इथपर्यंत. निघताना मी पाकीट काढून त्यांच्यापुढे पैसे धरले, हे मी सांगितलेले नाही. त्या रागावल्या नाहीत; पण त्यांचा चेहरा उतरला, आणि गाडी वळवून त्या निघून गेल्या तेव्हा मी त्यांचे धडपणे आभारही मानलेले नव्हते. ऋण नको, या माझ्या अहंकारापुढे त्यांचे देणे मी व्यवहाराच्या पातळीवर आणून ठेवले.

जपानमध्ये शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या पदयात्रेत स्थानिक लोक यात्रेकरूंना काही ना काही देतात. त्याला 'ओसेत्ताई' म्हणतात. ते नाकारणे तिथे अशिष्ट समजले जाते, आणि घेणारा आपल्या नावाची एक कागदी पट्टी देणाऱ्याला देतो. मला ती पट्टी फार शहाणपणाची वाटते. तिच्याने परतफेड होत नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही नसते. तुझ्याजवळ पट्ट्या नसतील. पण नाव सांग, कुठून निघालीस ते सांग, दोन घटका बस. वाटेच्या कडेला राहणाऱ्या माणसाला बहुधा तेवढेच हवे असते.

तरीही कोणाच्या चांगुलपणावर हिशेब मांडू नकोस. अनोळखी माणसांच्या ज्या मदतीला तुझ्या वाटेवर 'ट्रेल मॅजिक' म्हणतात ती अवचित भेटते म्हणून गोड लागते. पुढच्या वळणावर कोणीतरी पाणी ठेवले असेलच, असे धरून बाटली रिकामी ठेवणे हा शुद्ध मूर्खपणा. आणि हे बाप म्हणून लिहितो: गाडीत बसण्यापूर्वी मनात किंचितही खटकले तर नको म्हण, मग समोरच्याला वाईट वाटले तरी चालेल, रात्रीचा मुक्काम कुठे आहे हे रस्त्यावर भेटलेल्या कोणालाही सांगू नकोस. घ्यायला शिक म्हणतो, त्यात सगळ्यांकडून घे असे येत नाही.

बाकी "स्वतःच्या बळावर" हे शब्द पहिल्याच पांढऱ्या पट्ट्यापाशी खोटे ठरणार आहेत. झाडांवरचे ते खुणेचे पट्टे रंगवणारे, आडवे पडलेले वृक्ष कापून वाट मोकळी करणारे, चढावर दगडी पायऱ्या बसवणारे आणि तीन भिंतींचे निवारे दुरुस्त ठेवणारे बहुतेक हात स्वयंसेवकांचे आहेत, सुमारे तीस क्लबांचे. त्यांपैकी कोणी तुला बहुधा भेटणारही नाही. कुऱ्हाड-करवत घेऊन काम करणारा एखादा गट दिसलाच, तर घाईत असलीस तरी थांब.

आता बुटांचे. इतके चालल्यावर पावले सुजतात, पसरतात, आणि अनेकांना मधेच मोठे माप घ्यावे लागते. म्हणून दुसरा जोड मी अर्धे माप मोठा घेतला आहे. कोणत्या गावच्या पोस्टात पाठवू ते कळव. तोही घट्ट झाला तर परत पाठवण्याच्या भानगडीत पडू नकोस. वाटेवरच्या वसतिगृहांत नको असलेले सामान इतरांसाठी ठेवण्याची पेटी असते, तिला 'हायकर बॉक्स' म्हणतात. त्यात टाकून दे, आणि तुझ्या मापाचे काही आत असेल तर निःसंकोच उचल.

तुझा,
बाबा