अण्णा, बेरीज वीस अंशांवर बसली

आदरणीय अण्णांना साष्टांग नमस्कार,

तुम्ही हे मोबाइलवर वाचणार नाही, ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा, पण आकडे गाळू देऊ नका.

तुम्ही मला रस्त्याची वळणं आखायला शिकवलंत, त्याचीच ही गोष्ट. मध्यंतरी साइटवर एका रस्त्याच्या वळणाचं ड्रॉइंग आलं. त्रिज्या २०० मीटर, विचलन कोन (रस्ता एकूण वळतो तो) ४० अंश, वळणाआधीच्या-नंतरच्या दोन सरळ रेषांचा छेद १२०० मीटर चेनेजवर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर. टॅन्जंटची, म्हणजे वळणाच्या टोकापासून त्या छेदापर्यंतच्या सरळ रेषेची, लांबी २०० गुणिले टॅन २०, म्हणजे ७२.७९. ती वजा करून कर्व्ह ११२७.२१ ला सुरू. इथवर बरोबर. शेवट मात्र कुणीतरी १२०० मध्ये तेच ७२.७९ मिळवून १२७२.७९ लिहिला होता! लगेच तुमचा आवाज कानात आला, "पोरी, रस्ता त्या कोपऱ्यापातुर जातोय व्हय? त्यो आधीच वळला की!" कर्व्हवरून मोजलं तर लांबी १३९.६३ आणि शेवट १२६६.८४. सहा मीटरला थोडा कमी फरक. पण पुढच्या प्रत्येक मोरीच्या चेनेजला तो चिकटला असता.

टोटल स्टेशनला, त्या कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राला काय, जो आकडा द्याल तिथे ते बिनचूक खुंटी दाखवतं. म्हणून तर तुम्ही डिप्लोमाच्या वेळी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून फील्डबुकात तक्ता भरायला लावलात. पहिली जीवा, म्हणजे वळणावरच्या दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर, १२.७९ ची, म्हणजे ११४० च्या पूर्ण आकड्यावर येतो. मग वीस-वीसच्या सहा, शेवटी ६.८४. वीस मीटरला डिफ्लेक्शन, म्हणजे टॅन्जंटपासून वळवायचा कोन, २ अंश ५१ मिनिटं ५३ सेकंद. सगळ्यांची बेरीज विचलन कोनाच्या निम्मी, वीस अंश, आलीच पाहिजे. नाही आली तर खुंट्या ठोकणाऱ्या चेनमनला हातोडा उचलू द्यायचा नाही. तेव्हा मला हा छळ वाटायचा, खरं सांगते.

आणि वाघबीळची ती दुपार! पन्हाळ्याकडे चढणाऱ्या वळणावर तुम्ही वीस मीटरची दोरी कडेला ताणलीत आणि मधोमध कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायला लावलंत. रेल्वेवाले रुळाची वक्रता अशीच तपासतात, म्हणालात. मिलिमीटरमधल्या त्या अंतरानं ५०,००० ला भागलं की त्रिज्या मीटरमध्ये. २५० आलं तर २०० मीटर. येणारे-जाणारे बघत होते, मला लाजल्यासारखं झालं होतं. आता कुठल्याही जुन्या रस्त्याचं काम आलं, की गाडीतून आधी दोरीच काढते.

या सगळ्याचे तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. क्लास लावला असता तर आमच्या घरी तेव्हा परवडलंही नसतं. आईनं पाठवलेला गूळ तेवढा घेतलात, तोही कुरकुरत.

सरळ रस्ता हळूहळू वळणात नेणारा ट्रान्झिशन कर्व्ह शिकायचा अर्धवट राहिलाय. त्यासाठी रुळांना क्यूबिक पॅराबोला आणि हायवेला स्पायरल असे वेगळे वक्र का, एवढं विचारून वही मिटली होती. येत्या रविवारी येते. तुमचा लॉगचा जुना तक्ता काढून ठेवा, कॅल्क्युलेटर मी आणत नाही.

तुमची,
साइटवरची पोर