ती बंदूक माझी नाही, अण्णा

विस्कॉन्सिन, अमेरिका, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरा आहे, हे आधी. रविवारी फोनवर आई रडवेली झाली आणि मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. धाकटीने दोघांना मोठ्याने वाचून दाखवावं.

मी पाठवलेल्या फोटोतली बंदूक माझी नाही, शेजारच्या आजोबांची आहे. टेबलावर होता तोही नुसता लाकडी दस्ता, म्हणजे ज्यात बंदुकीचं लोखंड बसतं ते लाकूड. नळी आणि बाकीचं लोखंड त्यांच्याकडे कुलपात असतं. माझ्या व्हिसावर बंदूक बाळगायला कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, पण मी तो काढलेला नाही आणि काढणारही नाही. नुसता दस्ता इथे बंदूक धरला जात नाही, तो कुणालाही विकत घेता येतो. आई, तुझ्या गळ्यातली माळ मी विसरलेलो नाही. मी हात लावला तो लाकडाला.

तू विचारलंस, सगळे नारिंगी कपडे का घालतात? इथे थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. त्याच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणाच्या शिकारीला परवानगी असते. माणसं वर्षभर रजा साठवून या दिवसांत रानात जातात. त्या वेळी कमरेवरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक नारिंगी हवा, टोपी घातली तर तिचाही निम्मा, असा नियम आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला लागत नाही. मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे करावी लागते. म्हणजे हा मनमानी कारभार नाही. त्या नऊ दिवसांत मीसुद्धा फिरायला जाताना नारिंगी जाकीट घालतो. आता तरी काळजी करू नकोस.

अण्णा, आता तुमच्यासाठी सुतारकामाचं. आजोबांची रायफल रेमिंग्टन ७००, हे मॉडेल १९६२ पासून निघतं. दस्ता अक्रोडाचा, मुठीपाशी मागून चिरलेला. त्यांना वाटलं, लाकूड जुनं झालं. मी बघितलं तर लोखंडाची मागची शेपटी लाकडाला अगदी भिडलेली होती. प्रत्येक बाराला धक्का मागे येतो आणि ती शेपटी पाचरीसारखी लाकडात शिरते. तो धक्का खरं तर पुढच्या बाजूला खाली आलेल्या जाड लोखंडी कानाने घ्यायचा असतो, शेपटीमागे बारीक फट सोडायची असते. तुम्ही असता तर एका नजरेत सांगितलं असतं.

नवीन दस्ता स्वस्तातला हवा होता, कारण आजोबा पेन्शनवर आहेत. सगळ्यात स्वस्त साच्यातल्या प्लास्टिकचा. पाणी लागून फुगत नाही, पण पुढचा भाग हाताने दाबला की वाकतो आणि नळीला टेकतो. टेकला की नेम हलतो. फायबरग्लासचा हलका आणि पक्का, पण त्या पैशात दुसरी रायफल येईल. अखंड अक्रोड देखणा, पण ओल धरतो, हवेबरोबर हलतो. मी म्हटलं, लॅमिनेट घ्या. लाकडाचे पातळ थर चिकटवून दाबलेले असतात. वजन थोडं जास्त, पण ते सहज वाकत नाही, पिळत नाही, आणि वजनामुळे खांद्याला धक्का कमी बसतो. मला तर तेच योग्य वाटतं.

त्याआधी त्यांनी कुणाकडून तरी एक जुना दस्ता आणला होता, तो बसेचना. त्यांची गोळी लांब, थर्टी-ऑट-सिक्स मापाची, त्यामुळे यंत्र, म्हणजे गोळी आत ढकलणारा लोखंडी भाग, तोही लांब. दस्ता आखूड यंत्राचा निघाला, स्क्रूची भोकंच जुळेनात. त्यात थोडे पैसे गेले. या वेळी यंत्राची लांबी, नळीची जाडी, खालचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बंद की उघडणारं, सगळं कागदावर लिहून मगच मागवला.

मापही मी घेतलं. दस्त्याचं टोक कोपराच्या खळीत धरायचं आणि बोट घोड्यापर्यंत पोचतं का बघायचं. तयार दस्त्यांत हे टोकापासून घोड्यापर्यंतचं अंतर साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. थंडीत जाड कोट अंगावर, त्यात आजोबा वयाने वाकलेले, म्हणून तेरा इंच ठेवायला लावले. बसवताना आजोबांनी लोखंडाला काजळी फासून दाबलं. लाकडावर जिथे काळा डाग पडला तिथेच मी पटाशीने खरवडलं, तुम्ही दाराच्या कडेला खडू फासून बघता तसं. शेवटी नळी आणि लाकूड यांच्यामधून एक डॉलरची नोट टोकापासून मागेपर्यंत सरकवली. अडकली नाही. आजोबा काही बोलले नाहीत, माझा हात धरून बसले. पटाशी त्यांचीच होती. मूठ माझ्या हाताला मोठी पडली.

पैशांचं: दीड लाख सोमवारी पाठवले आहेत, धाकटीच्या साखरपुड्यासाठी. कर्ज काढलेलं नाही, विचारू नका. मी डिसेंबरात येऊ शकत नाही. बाहेर पडलो तर परतायला नव्याने व्हिसाचा शिक्का लागेल, त्याची तारीख हातात नाही. मे महिन्यात लग्नाला नक्की येतो, अक्षता पडतील तेव्हा मांडवात असेन. धाकटे, रागावू नकोस. माझ्यासाठी आलेल्या स्थळांना सध्या होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका.

आणि अण्णा, धाकटी म्हणाली की तुम्ही खर्चासाठी रंधा मशीन विकायला काढलंय आणि हत्यारं कुणाला देऊन टाकणार आहात. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा. जे कमी पडेल ते जानेवारीत पाठवतो. मला धंद्यात बसायला तुम्ही कधी आग्रह केला नाहीत, मीही कधी विचारलं नाही. छोटी अर्ध्या इंची पटाशी तेवढी तेलाचा बोळा फिरवून माझ्यासाठी ठेवा. मेमध्ये मला लागेल.

तुमचा,
बाळू