गोळा आणि टेप

मु. पो. तेच आपलं गाव, ता. केज
कार्तिकी एकादशी

प्रिय दत्ता,

संध्याकाळी फोन उचलत नाही म्हणून तू चिडलास, ते बरोबरच आहे. पण पाच ते दहा मी समाजमंदिरात असतो आणि तिथं 'मोबाईल बाहेर' हा नियम मीच काढलाय. स्वतःच मोडला तर पोरं डोक्यावर बसतील. आज उपवासामुळं गर्दी कमी आहे, त्यात लाईट गेली, म्हणून बॅटरीच्या उजेडात लिहायला बसलोय. अक्षर सांभाळून घे.

आपलं अभ्यास केंद्र म्हणजे काय, तुला माहीतच आहे. दोन खोल्या, बावीस खुर्च्या (त्यातल्या तीन भिंतीला टेकवूनच बसायच्या), एक कॅरम, आणि पोरांनी वर्गणी काढून लावलेला पाण्याचा जार. शेतीची थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळं निम्मी पोरं रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन येतात आणि गणिताच्या पुस्तकावर झोपतात. आधी मी उठवायचो. आता उठवत नाही.

तुला एक गोष्ट फोनवर सांगायची टाळत होतो. मागच्या भरतीच्या आधी शाळेमागच्या मैदानावर पळायचा ट्रॅक मीच आखला. पावलांनी. माझं एक पाऊल अडीच फूट धरलं, 400 मीटरचा राऊंड काढला आणि चुन्याची फक्की मारली. चार राऊंड म्हणजे 1600, हिशोब सोपा. पोलीस भरतीला मैदानी परीक्षा 50 गुणांची, त्यातले 20 एकट्या 1600 मीटरचे, आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. आपल्या वरच्या आळीचा पोरगा रोज 5:05 ला यायचा. मी पाठ थोपटायचो. त्याच्या आईनं तर एकदा आमच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

प्रत्यक्ष मैदानावर त्याला 5:34 लागले. यादीत तो दोन गुणांनी हुकला.

परत आल्यावर तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बांधकाम मिस्त्रीचा टेप घेऊन आला, आणि आम्ही दोघांनी राऊंड मोजला. 365 मीटर. चार राऊंडला 140 मीटर कमी. त्यानं टेप गुंडाळला आणि म्हणाला, "दादा, आपलं मैदानच खोटं निघालं की." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो नव्या फक्कीवर पळत होता, 5:40. मी वेळ सांगितली तेव्हा पाठ थोपटायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

बाकी गाव आता अर्धं रिकामं झालंय. दिवाळीच्या फराळाचे डबे संपायच्या आत ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल कधीच खर्चून बसलेली, मग थांबणार कसं? यंदा आपल्या गल्लीतले सहा कोयते, म्हणजे सहा नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली-कोल्हापूरकडं गेलेत. लेकरं काही हंगामी वसतिगृहात, काही म्हाताऱ्यांपाशी. नववीतली एक पोरगी पणजीपाशी राहिलीय. रविवारी माझ्या मोबाईलवर आईला फोन लावते. उसाच्या फडात रेंज नसते, मग दहा-बारा वेळा लावते. लागला की पहिला प्रश्न, "बैलं बरे हायेत का?" दुसरा, "तू जेवलीस का?" माझे डोळे भरलेले तिला दिसू नयेत म्हणून मी तेवढ्यात जार उचलून आत ठेवतो.

तिची पणजी मुलींच्या वेळेत, चार ते सहा, दारातच बसून असते. मुलींना वेगळी वेळ द्यायला गावात जी कुरकुर झाली ती हिच्या बसण्यानंच मिटली, मी नुसता मिरवतो. परवा एक मुलगी मोठ्यानं पाठ करत होती, 17 सप्टेंबर 1948, ऑपरेशन पोलो, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी कारवाई. म्हातारी म्हणाली, "पोलो-बिलो म्हाइत नाही, पर आईनं मला तोंड दाबून ज्वारीत निजवलं होतं. रझाकार रस्त्यानं जायलेते." ती तेव्हा चार-पाच वर्षांची असणार. एक मार्काचा प्रश्न होता, त्याच्यावर आमचा पाऊण तास गेला.

आता मुद्द्याचं. चार मुली भरतीची तयारी करायलेत. त्यांची 800 मीटरची धाव मी या वेळी टेपनं मोजून आखलीय, दोनदा. अडचण गोळाफेकीच्या गोळ्याची आहे. मुलींचा गोळा 4 किलोचा असतो. आपल्याकडं आहे तो मुलांचा, 7 किलो 260 ग्रॅमचा. म्हणून त्या किराणा दुकानातलं पाच किलोचं जुनं वजन फेकतात. ते हातात बसत नाही, त्यात एकीचं मनगट मुरगळलं. वजन दुकानदाराचं, त्यामुळं गिऱ्हाईक आलं की तोही ओरडतो, "पोरींनो, माप आणा!"

तू पुढच्या महिन्यात येणार आहेस ना? पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानातून एक 4 किलोचा गोळा आण. पैसे मी देतो, भांडू नकोस. फक्त घेताना दुकानात काट्यावर टाकून बघ. आणि एस.टी.त पिशवी वरच्या कप्प्यात ठेवू नकोस, मांजरसुंब्याच्या घाटात कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

तुझा,
बाळू

ता. क. लाईट आली. पोरं आत पळाली, कॅरमकडं.