पगाराला नको, उरलेल्या पैशाला चोवीसने गुण

दुबई, रविवार

प्रिय पव्या,

इथल्या नोकरीची ऑफर आल्याचा तुझा मेसेज मिळाला. फोन करणार होतो पण आकडे फोनवर ऐकून डोक्यात रहात नाहीत म्हणून लिहूनच पाठवतोय, शांतपणे वाच. महिन्याचा पगार साडेचार हजार दिरहम, एका दिरहमचे चोवीस रुपये, म्हणजे एक लाख आठ हजार रुपये, असं तू लिहिलंयस. गुणाकार बरोबर आहे, चोवीसचा दरही हिशोबापुरता धरायला ठीक आहे. पण हा आकडा लगेच घरी सांगू नकोस रे. एकदा लाखाचा आकडा घरात गेला की त्याच्यावर वरचा मजला, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज असं सगळं उभं राहतं, आणि एवढे पैसे तुझ्या हातात येणारच नाहीयेत.

आधी इथला खर्च इथल्याच पैशात वजा कर. समज बेड स्पेसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं ११००, मेसचे ६००, मेट्रो-बसचे ३५०, मोबाईलचे १५०, आणि साबण, औषधं, केस कापणं, सुट्टीला कुठे गेलास तर ते, असे मिळून ५००. झाले २७००. राहिले अठराशे. आता या अठराशेला गुण. हा आकडा घरी सांग.

गुणायला कॅल्क्युलेटर लागत नाही बरं का. चोवीसने गुणणं म्हणजे पंचवीसने गुणून मूळ आकडा एकदा वजा करणं, आणि पंचवीसने गुणणं म्हणजे शंभरपटीचा पाव. अठराशेचा पाव साडेचारशे, त्याची शंभरपट पंचेचाळीस हजार, त्यातून अठराशे गेले, ४३,२०० उरले. दुकानात ३७ दिरहमची वस्तू दिसली तर ३७ चा पाव सव्वानऊ, म्हणजे सव्वानऊशे, उणे ३७, ८८८ रुपये. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ असायची, ती इथे रोज उपयोगी पडते, मला तर आता दुकानदाराने किंमत सांगायच्या आधी उत्तर येतं.

उलटं करायचं असेल, म्हणजे रुपयांवरून दिरहम, तरी भागाकाराच्या मागे लागू नकोस. रुपयांचे चार टक्के काढ आणि त्याचाच चोविसावा भाग वर टाक. घरचा हप्ता पंचवीस हजार असेल तर चार टक्के म्हणजे हजार, वर साधारण ४२, म्हणजे १०४२ दिरहम लागतील. आणि कुठलाही हिशोब झाला की एवढं बघ, रुपयांचा आकडा दिरहमपेक्षा मोठा आलाय ना? नसेल आला तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय.

हा २४ कुठून येतो तेही सांगतो कारण तो बदलत राहणार. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, तो आकडा हलत नाही. हलतो आपला रुपया. ३.६७२५ गुणिले २४ केलंस तर ८८.१४ येतात, म्हणजे डॉलर ८८ रुपयांच्या आसपास असला की दिरहम चोवीसचा. डॉलर एक रुपयाने चढला की दिरहम साधारण २७ पैशांनी चढतो. सत्तावीस पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण तीन हजार दिरहम पाठवणाऱ्याला तेच आठशेच्या वर रुपये होतात. इथे लोक टीव्हीवर डॉलरची बातमी कान टवकारून ऐकतात ते त्यासाठीच.

एक गोष्ट मला फार आवडते ती तुलाही सांगतो. एके काळी याच दुबईत आपला रुपयाच चालायचा, गुणाकाराचा प्रश्नच नव्हता. सोन्याच्या तस्करीत रुपये बाहेर जायला लागले म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. मग जून १९६६ मध्ये आपल्याकडे रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून थेट ७.५० वर गेला, आणि इथल्या लोकांनी रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये.

असो, पैसे पाठवायचं लिहितो, कारण खरे पैसे तिथेच जातात. पगाराच्या दिवशी एक्सचेंजच्या, म्हणजे पैसे पाठवायच्या दुकानाच्या, दारात रांग असते आणि सगळे बोर्डावरचा दर बघत असतात. नुसता दर बघू नकोस. समज एकाचा दर २३.९० आहे आणि फी व्हॅट धरून २१ दिरहम, दुसऱ्याचा दर २३.८० आणि फी काहीच नाही. हजार पाठवायचे असतील तर पहिल्याकडे ९७९ गुणिले २३.९०, २३,३९८ रुपये, आणि दुसऱ्याकडे सरळ २३,८००. चारशे रुपयांचा फरक! पाच हजारांना दोघे जवळपास सारखेच येतात, आणि आठ हजारांना पहिला तीनशे रुपयांनी चांगला पडतो. म्हणजे कमी रक्कम असली की फी मारते आणि जास्त असली की दर मारतो. काउंटरवर एकच विचार, "एवढे दिरहम देतोय, गावच्या खात्यात किती रुपये पडणार?" ती रक्कम पावतीवर लिहून येते, ती बघूनच सही कर.

तसंच तुझं भारतातलं कार्ड इथे वापरलंस तर मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की दिरहममध्ये. दिरहमच दाब, कायम. रुपये बघून आपलं वाटतं खरं, पण तो दर मशीनवाले स्वतःचा लावतात. २०० दिरहमच्या बिलाचे ४८०० व्हायला हवेत हे तुला आता डोक्यात करता येतं, स्क्रीनवर पाच हजार दिसले तर का ते समजेल. बँकेचा चार्ज वेगळा लागतोच, म्हणून इथलं खातं उघडेपर्यंत थोडे दिरहम रोख घेऊनच ये.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. जेवताना गुणाकार करायचा नाही. दीड दिरहमचा चहा म्हणजे छत्तीस रुपये, बारा दिरहमची थाळी म्हणजे २८८ रुपये, असं करत बसलास तर घास उतरणार नाही. मी इथे बघतोय, नवीन आलेली चांगली धडधाकट पोरं सहा-सहा महिने खुब्बूस (इथली अरबी रोटी) आणि दह्यावर काढतात, वजन उतरतं, मग आजारी पडतात आणि डॉक्टरला वाचवलेलं सगळं जातं. तू कमावणार दिरहममध्ये, खाणार दिरहममध्ये, तर बारा दिरहमची तुलना साडेचार हजारांशी कर, कोल्हापूरच्या खानावळीशी नको. तुझ्या पोटाचे हाल करून पाठवलेले पैसे काकूंनाही नको असतील.

तुझा मेव्हणा मस्कतला आहे म्हणालास, तर त्याचा पगार आणि तुझा पगार एका रांगेत मांडू नकोस. ओमानी रियाल म्हणजे २.६००८ डॉलर, आपले साडेनऊ दिरहमपेक्षा जास्त. तिकडे एका रियालच्या हजार बैसा, त्यामुळे किंमतीत पॉइंटनंतर तीन आकडे असतात, ०.३०० म्हणजे तीनशे बैसा. इथे दुबईत दिरहमचे शंभरच फिल्स.

ऑफर लेटरचा फोटो पाठव. बेसिक किती आणि अलाउन्स किती ते मला बघायचंय, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात, पूर्ण पगारावर नाही. राहायची जागा कंपनी देते का तेही विचार त्यांना, देत असतील तर वरचे ११०० वाचतील आणि अठराशेचे २९०० होतील. त्याला चोवीसने गुणून मला कळव. सही त्याच्यानंतर कर, दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या