रात्रपाळीच्या सिस्टर, आभार!

बाबांच्या यकृतात गळू झालं होतं. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं. आधी मलेरियाच वाटला. नुसत्या औषधांनी भागेना, म्हणून सोनोग्राफीत बघत कातडीतून बारीक नळी घालून पू काढायला लागला. त्याच रात्री पिशवीत पू येणं थांबलं आणि बाबांना हुडहुडी भरली. सिस्टर, तुम्ही नळी बोटांनी चाचपत गेलात, कुशीखाली दबलेली सोडवलीत, डॉक्टरांना विचारून सलाइनने हळूच धुतलीत. दाट तपकिरी पू पुन्हा वाहू लागला. मग कूस बदलताना नळी कशी धरायची, पिशवी कमरेखालीच का ठेवायची, हे तुम्ही आम्हाला नाही, बाबांनाच शिकवलंत! "आजोबा, नळी तुमची, राखणही तुमचीच." घाबरलेला माणूस तिथे पहिल्यांदा हसला. चादर बदलताना नळीला धक्का लागू न देणाऱ्या वॉर्डमधल्या मामांचेही मनापासून आभार.