घर म्हणून बांधून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनमधील सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बारमाही राहण्यासाठी बांधून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनमधील वीज, गॅस व छत यांच्या सदोष कामाबाबत, तसेच हमी नाकारणाऱ्या आपल्या ई-मेलबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली विज्ञान शिक्षिका असून माझ्या यजमानांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर काम केले आहे. आम्ही दोघांनी राजारामपुरीतील आमचा फ्लॅट भाड्याने दिला आणि स्वतः विकत घेतलेली व्हॅन रूपांतरासाठी आपल्या कारखान्यात आणून दिली. या कामासाठी आपण आमच्याकडून ९ लाख ८० हजार रुपये घेतले. गेल्या नोव्हेंबरमध्ये गाडी आमच्या ताब्यात आली आणि त्या दिवसापासून साधारण ६५ चौरस फुटांची ही जागा आमचे एकमेव घर आहे. फ्लॅटमध्ये भाडेकरू असल्याने आम्हाला राहायला दुसरे घर नाही, म्हणून पत्रव्यवहारासाठी मुलीचा कोल्हापुरातील पत्ता देत आहे.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण आपला ई-मेल आहे. जुलैमध्ये मी छायाचित्रांसह पाठवलेल्या तक्रारीला उत्तर देताना आपण लिहिले आहे, की ही गाडी सुट्टीतील सहलींसाठी बनवलेली असून तिच्यात सलग राहणे हा मर्यादेबाहेरचा वापर ठरतो, त्यामुळे हमी लागू होत नाही. महोदय, आपल्याच मागणीपत्रात ‘वापराचा हेतू’ असा एक रकाना आहे आणि त्यात मी स्वतःच्या अक्षरात ‘पती-पत्नी दोघांनी बाराही महिने राहण्यासाठी’ असे लिहिले आहे. त्याखाली आपल्या विक्री अधिकाऱ्यांची सही आणि कंपनीचा शिक्का आहे. पावसाळ्यात आम्ही सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात असू, हेही त्याच बैठकीत सांगितले होते आणि ते ऐकूनच आपण दोन बॅटऱ्या व गाडी चालताना त्या भरण्याची सोय सुचवली होती. हेतू आधी लेखी मान्य करायचा आणि दोष उघडे पडल्यावर तोच हेतू गैरवापर ठरवायचा, हे मला मान्य नाही.

आता मूळ दोषांकडे येते. सर्वांत जास्त त्रास विजेच्या कामाने दिला आहे, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आपल्या कोटेशनमध्ये १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, छतावर २०० वॅटची दोन सौर पॅनेल आणि गाडी चालू असताना बॅटऱ्या भरण्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, असे स्पष्ट लिहिलेले आहे. नोव्हेंबर ते मे या काळात आम्ही नरसोबाची वाडी, खिद्रापूर, मसाई पठार, विजयदुर्ग, कुणकेश्वर असे बरेच फिरलो आणि एकदाही वीज कमी पडली नाही. त्या महिन्यांत आकाश मोकळे होते आणि सौर पॅनेलच सगळा भार उचलत होती, त्यामुळे चार्जरच्या जागी काय बसवले आहे हे पाहण्याची वेळच आमच्यावर आली नाही.

जूनच्या अखेरीस आम्ही गगनबावड्याला मुक्कामाला गेलो. तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला त्या दिवसांत पॅनेलमधून काय मिळत असेल हे सांगायला नको. आम्हाला त्याची चिंता नव्हती, कारण ३० अँपिअरच्या चार्जरवर दोन तास गाडी चालवली तर ६० अँपिअर-तास, म्हणजे पाऊण युनिटच्या आसपास वीज बॅटरीत जमा होते आणि आमचा छोटा फ्रिज, दोन दिवे व पंखा यांना एका दिवसासाठी तेवढी पुरते. त्या हिशोबाने आम्ही रोज करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत जाऊन परत येत होतो. असे असूनही चौथ्या दिवशी पहाटे बॅटऱ्यांच्या संरक्षक यंत्रणेने पुरवठा तोडला आणि फ्रिज बंद पडला.

त्या फ्रिजमध्ये माझ्या यजमानांचे इन्सुलिन होते. न उघडलेली पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात आणि एकदा बाहेरच्या तापमानात आली की ती साधारण चार आठवड्यांतच वापरून संपवावी लागतात. फ्रिज किती तास बंद होता हे आम्हाला कळले नाही. सकाळी आतला तापमापक २३ अंश दाखवत होता. आडगावात ऐनवेळी मिळणार नाही म्हणून तीन महिन्यांचा साठा सोबत ठेवला होता. त्यातील चार आठवड्यांत संपतील तेवढी पेन ठेवून उरलेली सगळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून टाकून द्यावी लागली. रकमेपेक्षा त्या सकाळच्या घबराटीची आठवण मला अजून जास्त त्रास देते.

कोल्हापुरात परत आल्यावर आम्ही दोघांनी आसनाखालची फळी काढून पाहिले. डीसी-डीसी चार्जर तिथे नव्हताच. त्याऐवजी चावी फिरवली की गाडीची बॅटरी आणि घराच्या बॅटऱ्या एकमेकींना जोडणारा साधा रिले बसवलेला होता. जुन्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्यांसाठी अशा रिलेवर भागत असे. आमची गाडी बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) प्रकारची आहे आणि इंधन वाचवण्यासाठी तिचा संगणक अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचे, व्होल्टेज गरजेनुसार खाली आणतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर व्होल्टेज लागते. गाडी चालवत आम्ही मोजमाप घेतले, तेव्हा पहिली काही मिनिटे १४.१ व्होल्ट मिळाले आणि त्यानंतर ते उतरले. वायरभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर पाहिले तर प्रवाहाची दिशाच उलटलेली होती. घराच्या बॅटऱ्यांमधून ९ अँपिअर बाहेर जात होते आणि त्यावर गाडीचे दिवे, वायपर व पंखा चालत होते. गगनबावड्यात बॅटरी भरावी म्हणून आम्ही जितका घाट उतरलो-चढलो, तितकी ती रिकामी होत गेली. शिवाय हा रिले प्रवाहाला मर्यादा घालत नाही. बॅटरी बरीच उतरलेली असताना ती अल्टरनेटरमधून हवा तेवढा प्रवाह ओढू शकते आणि अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. घाटात गाडी बंद पडली असती तर ती जबाबदारी कोणी घेतली असती?

त्याच फळीखाली इन्व्हर्टरची वायरही दिसली. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बाजूने ८३ अँपिअर आणि स्वतःचा तोटा धरून ९५ च्या आसपास प्रवाह घेतो. कोटेशनमध्ये ३५ चौरस मिलिमीटरची वायर लिहिलेली आहे आणि प्रत्यक्षात १० ची बसवली आहे. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूजही नाही. चटणी वाटायला मिक्सर लावला, तर पाच मिनिटांत ती वायर हाताला गरम लागते. आम्ही ज्या पलंगावर झोपतो, त्याच्या खालून ती गेली आहे. माझे यजमान कोणाच्या कामाला सहसा नावे ठेवत नाहीत. वायरच्या टोकाचा लग (जोडणीचे धातूचे टोक) योग्य अवजाराने दाबण्याऐवजी पक्कडीने चेपलेला पाहून ते मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग एवढेच म्हणाले, की उद्यमनगरात शिकाऊ पोरालाही हे काम परत करायला लावले असते.

गॅसच्या बाबतीत मी थोडक्यात, पण अत्यंत गांभीर्याने लिहीत आहे. सिलिंडरच्या कप्प्याला आपण वरच्या बाजूला जाळी दिली आहे आणि तळाला एकही भोक ठेवलेले नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, तळाशी साचतो. हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले आहे. कप्प्याचे दार राहण्याच्या जागेत उघडते आणि त्याला रबरी पट्टीसुद्धा नाही, म्हणजे साचलेला गॅस थेट आमच्या पायांशी येणार आणि शेजारीच न फ्यूज लावलेली ती वायर आहे. हे लक्षात आल्या दिवसापासून मी सिलिंडर गाडीतून काढून टाकला असून स्वयंपाक गाडीबाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला करते. पावसात भाकरी थापताना काय हाल होतात, ते आपण समजू शकाल.

छतावरील वायुवीजनाच्या खिडकीतून जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पाणी झिरपू लागले. तिथे वाहनासाठीचे पॉलियुरेथेन सीलंट वापरायला हवे होते, त्याऐवजी घरगुती सिलिकॉन लावलेले आहे आणि ते रंगापासून सुटले आहे. पत्रा कापलेल्या कडेला प्रायमरचा हात फिरवलेला नाही, त्यामुळे आठ महिन्यांत चारही बाजूंनी गंज चढला आहे. आत बंद पेशींच्या नायट्राइल रबराचे थर ठरले होते, तिथे ग्लास वूल निघाली आणि ती पिळता येईल इतकी भिजलेली होती. बंद गाडीत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातूनच रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत मिसळते. त्यामुळे अशा ठिकाणी ओलावा धरून ठेवणारा थर घालायचा नसतो, हे या व्यवसायातील कोणालाही ठाऊक असते. अंथरूण, कपडे आणि माझ्या वह्या यांना बुरशी आली. कपडे धुता आले. वह्यांमध्ये जात्यावरच्या ओव्या होत्या. निवृत्तीनंतर गावोगावच्या बायकांकडून त्या लिहून घ्यायच्या, याच एका उद्देशाने आम्ही असे राहायचे ठरवले होते. दोन वह्यांतील शाई पसरली आहे आणि ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतील एक आजी आता नाहीत.

आणखी एक बाब राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात केलेल्या बदलाला नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते आणि ती मिळवून देण्याचे काम आपल्या कोटेशनमध्ये स्वतंत्र रकमेसह समाविष्ट आहे. रक्कम घेतली गेली. नोंदणी प्रमाणपत्रात आजही बदलाची नोंद नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हेच कारण दाखवले, तर आमचे घर आणि वाहन दोन्ही एकदम जाईल. राज्य शासनाच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचा आपल्या माहितीपत्रकात अभिमानाने उल्लेख आहे, म्हणून निदान कागदपत्रे तरी चोख असतील असे आम्ही धरून चाललो होतो.

आपल्या ई-मेलच्या शेवटी, ‘सद्भावना म्हणून’ गाडी कारखान्यात आणल्यास चार ते सहा आठवड्यांत सशुल्क दुरुस्ती करून देऊ, असे म्हटले आहे. सहा आठवडे आम्ही राहायचे कुठे, हा विचार आपल्याकडे कोणी केला होता का? घर रंगवायला काढले तर माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. आम्हाला दुसरी खोली नाही. भाडेकरूंचा करार मार्चपर्यंत आहे आणि मुलीच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसे राहतात.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की कोटेशनप्रमाणे डीसी-डीसी चार्जर, योग्य जाडीची वायर व फ्यूज बसवावेत आणि गॅसचा कप्पा राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद करून त्याला तळातून बाहेर जाणारे तोंड द्यावे. छताची खिडकी काढून गंज खरवडून ती नव्याने बसवावी आणि भिजलेला थर बदलावा. हे सर्व विनामूल्य आणि कोल्हापुरातच व्हावे. आपले कारागीर इथे आले, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत भाड्याने जागा मिळते आणि ती शोधून देण्याची माझ्या यजमानांची तयारी आहे. गाडी आपल्याकडेच हवी असेल, तर तेवढ्या दिवसांच्या आमच्या निवासाचा खर्च आपण द्यावा. कलम ५२ ची नोंद पूर्ण करावी आणि टाकून द्याव्या लागलेल्या इन्सुलिनची, सोबतच्या पावतीवरील रक्कम परत करावी. वह्यांची भरपाई मी मागत नाही, ती होण्यासारखी नाही. मात्र ‘सलग राहणे हा मर्यादेबाहेरचा वापर’ हे वाक्य आपण लेखी मागे घ्यावे. ते तसेच राहिले, तर उद्या उद्भवणाऱ्या प्रत्येक दोषाला हेच उत्तर मिळेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे आणि दोन वर्षांची मुदत अद्याप बरीच शिल्लक आहे. तिथे जावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण गाडीची रचना, पलंगाखालचे कप्पे आणि पाण्याच्या टाकीचे काम आपल्या कारागिरांनी खरोखर चांगले केले आहे आणि ज्यांनी ते केले, त्यांना उरलेले कामही नीट करता येईल याची मला खात्री आहे.

मागणीपत्राची सही-शिक्क्याची प्रत, कोटेशन, मोजमापांची तारीखवार नोंद, छायाचित्रे आणि औषधांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. काढलेला रिले आणि वायरचा तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. पुढील १५ दिवस गाडी मुलीच्या घरासमोर उभी असेल. आपल्या माणसांना पाहणीसाठी कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर येता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
कोल्हापूर