आरशावरच्या चिठ्ठ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातुरात आमच्या वरच्या दोन खोल्या मी नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलींना भाड्याने देते. यंदा अहमदपूरकडची एक मुलगी राहते. तिच्या आरशावर इतक्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, की वेणी घालायला ती खाली माझ्या आरशाशी येते. 'मी हुशार आहे.' 'मला जमणारच.' '650+.' कुणी एक व्याख्याते येऊन गेले, त्यांनी हे रोज सकाळी एकवीस वेळा म्हणायला सांगितलंय. एकवीस! जणू संकष्टीचे मोदक.

मागच्या टेस्टला 720 पैकी 340 पडले. रात्रीचा डबा तसाच राहिला. वर गेले तर म्हणते, "काकू, मी मनापासून म्हणत नसंन, म्हणून होईना."

धस्स झालं. मार्क कमी पडले ते पडले, वर विश्वास कमी पडला हाही ठपका लेकरानं स्वतःवरच ठेवला. 2024 ला नीटला 23 लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. उरलेल्यांनी काय एकवीसऐवजी वीसदाच म्हटलं होतं? त्याच वर्षी तिच्या वडलांनी सोयाबीन चार हजारांच्या आत घातलं, हमीभाव 4,892 असताना. त्यांना मात्र कुणी आरशासमोर उभं केलं नाही.

माझा भाचा मानसशास्त्र शिकवतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, कॅनडातल्या जोआन वुड यांनी 2009 मध्ये हेच तपासलंय. स्वतःला आधीच कमी लेखणाऱ्यांना 'मी प्रेम करण्याजोगी आहे' असं घोकायला लावलं, तर त्यांना आणखीच वाईट वाटलं. ज्यांना गरज नव्हती, त्यांना तेवढं थोडं बरं वाटलं. मला नवल वाटलं नाही. तोंड एक म्हणतं, आतून दुसरंच ऐकू येतं.

उमेद नको असं कोण म्हणेल? पण घरून फोन आला की पहिला प्रश्न "किती पडले?" जेवलीस का, हे कधी शेवटी, कधी नाहीच. ती मुलगी रोज माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत न विसरता औषध घालते. त्याची चिठ्ठी आरशावर नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. निकाल लागला की तुमच्या अंकात क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती असतात, ओळीनं फोटो आणि गुण. त्याच पानावर एका कोपऱ्यात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा नंबर छापा. जागेचे पैसे पडत असतील तर कळवा, आम्ही गल्लीतल्या घरमालकिणी वर्गणी काढू.

आपली,
एक वाचक, लातूर